दुकानाचे फोटो गूगलला कळायचे तर

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातल्या लहान दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या वेबसाइट मी करते. सध्या निपाणीकडच्या एका चप्पल कारागिरांचं काम हातात आहे, म्हणून उदाहरणं त्यांच्याच चपलांची देते. तुम्ही शहापूरची साडी विकत असा, कुंदा, गोकाकचा करदंट नाहीतर खानापूरची मातीची भांडी विकत असा, रीत हीच.

हे करायचं कशाला, ते आधी सांगते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे वस्तू अमुक भागातलीच अस्सल अशी सरकारी नोंद, मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे आमच्या निपाणी-अथणीकडं घरात बसून शिवलेली चप्पल कागदोपत्रीसुद्धा अस्सल कोल्हापुरीच. तरी गूगलवर कोल्हापुरी चपलेचे फोटो शोधले की मोठ्या शहरातल्या विक्रेत्यांचा माल आधी दिसतो आणि ज्यांच्या हातची ती कला आहे त्यांना शोधत खाली जावं लागतं. मला याचं फार वाईट वाटतं. माल चांगला असतो, फोटोही बरेचदा चांगले असतात, पण त्या फोटोत काय आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

आणि अंगावर घालायची वस्तू माणूस बघूनच घेतो. गूगलची फोटो शोधायची सोय आली त्यामागंही एक कपडाच होता. 2000 च्या ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर लोपेझनं घातलेला हिरवा ड्रेस बघायला लोकांनी इतका शोध घेतला, की नुसत्या लिंका देऊन भागणार नाही हे गूगलच्या ध्यानात आलं. 2001 मध्ये गूगल इमेजेस सुरू झालं.

आधी मालकाजवळ बसा

पहिलं काम कॉम्प्युटरवरचं नाही. वही घ्यायची, मालकाशेजारी बसायचं, एकेक फोटो दाखवायचा आणि विचारायचं, याला तुम्ही काय म्हणता?

निपाणीच्या त्या कारागिरांना मी मामा म्हणते. त्यांना एक फोटो दाखवला. मला त्यात तपकिरी चप्पल दिसत होती. मामा म्हणाले, "ही कापशी की ओ. कान बघा की हिचे. वेणी बकऱ्याच्या कातड्याची, तळ म्हशीचा. शिलाई सगळी वादीची, दोरा कुठंच नाही. आणि रंग लावलेला नाही हां, तेलपाण्यानंच असा रंग चढतोय." कापशी हा कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, कान म्हणजे बाजूंच्या चामड्याच्या पाकळ्या, आणि वादी म्हणजे चामड्याची बारीक पट्टी. एका फोटोवर इतकं सांगितलं त्यांनी. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आहे, हे वर आणखी.

आता गूगललासुद्धा फोटोतली वस्तू बऱ्यापैकी ओळखता येते. चप्पल आहे, चामड्याची आहे, एवढं त्याला कळतं. पण कापशी आहे का कुरुंदवाडी, शिलाई वादीची आहे का दोऱ्याची, कातडं कशात कमावलंय, हे फोटोवरून कळणारं नाही. ते त्याला फोटोच्या आजूबाजूचा मजकूर, पानाचं शीर्षक, फोटोखालची ओळ आणि ऑल्ट टेक्स्ट (फोटोच्या कोडमधलं वर्णन, त्याबद्दल पुढं सांगते) यांवरूनच कळतं. आणि हे शब्द कारागिराच्या तोंडात असतात, वेबसाइट करणाऱ्याच्या डोक्यात नसतात. म्हणून माझ्या लेखी फोटोंचं निम्मं काम त्या वहीत होतं. घाईगडबडीत वही टाळली तर पुढची सगळी तांत्रिक कारागिरी पोकळ राहते.

वहीतले शब्द मग तीन ठिकाणी जातात: फोटोलगतच्या मजकुरात, फाइलच्या नावात आणि ऑल्टमध्ये. फोटो ज्या परिच्छेदाबद्दल आहे त्याच्या जवळच ठेवा. सगळे फोटो एका वेगळ्या गॅलरीच्या पानावर टाकून दिले आणि शेजारी एक ओळही नसली, तर गूगलला धरायला काही उरत नाही.

ऑल्ट कसं लिहायचं

ऑल्ट म्हणजे फोटोच्या कोडमध्ये लिहिलेलं त्याचं वर्णन. वर्डप्रेस या वेबसाइट करायच्या साधनात फोटो निवडला की उजवीकडं त्याचा रकाना दिसतो. फोटो उघडला नाही तर त्या जागी हे शब्द दिसतात, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन किंवा कॉम्प्युटर हेच शब्द त्यांना वाचून दाखवतो. मुळात ते या माणसांसाठी आहे. त्यांना नीट कळेल असं लिहिलं की गूगललाही कळतं, म्हणून लिहिताना मनात माणूसच ठेवा.

नुसतं "चप्पल" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. आणि "कोल्हापुरी चप्पल, बेळगाव चप्पल, स्वस्त चप्पल, लेदर चप्पल ऑनलाइन" असं लिहिणं त्याहून वाईट. अशी शब्दांची खोगीरभरती गूगलला स्पॅम वाटू शकते हे त्यांच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय, आणि ऐकणाऱ्या माणसाला तर तो छळच आहे. मामांच्या त्या फोटोला मी असं लिहिलं: "पुरुषांची कापशी कोल्हापुरी चप्पल, न रंगवलेलं तपकिरी चामडं, दोन्ही बाजूंना कान आणि मधे वेणी". फोनवर पलीकडच्या गिऱ्हाइकाला वस्तू सांगताना जे बोलाल तेच लिहायचं. "याचा फोटो", "त्याचे छायाचित्र" असं सुरुवातीला लिहायची गरज नाही, फोटो आहे हे वाचणाऱ्या यंत्राला ठाऊक असतं.

एकाच चपलेचे चार फोटो असतील तर चारही ठिकाणी तेच ऑल्ट चिकटवू नका. दुसऱ्या फोटोत तळ दिसतोय तर तळाबद्दल लिहा, तिसऱ्यात वेणी जवळून दिसतेय तर वेणीबद्दल. नुसती नक्षीची पट्टी किंवा शोभेची रेघ असेल तर ऑल्ट रिकामं ठेवायचं. रकानाच काढून टाकायचा नाही, रिकामा ठेवायचा. लोगोला दुकानाचं नाव. आणि फोटोवर टिचकी मारून दुसऱ्या पानावर जायचं असेल तर ते पान कशाचं आहे हे ऑल्टमधून कळलं पाहिजे.

मराठी, कन्नड, इंग्रजी

आमच्याकडं हा प्रश्न येतोच येतो. गिऱ्हाईक मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी कशातही शोधतं. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. मग काही लोक सगळी नावं आणि सगळ्या भाषा एकाच ऑल्टमध्ये कोंबतात. तसं करू नका. वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज पानाच्या भाषेप्रमाणं ठरतो. मराठी आवाजात कन्नड शब्द आला की ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही.

नीट रीत अशी: प्रत्येक भाषेचं पान वेगळं, त्या पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा सांगितलेली, आणि एकमेकांची भाषांतरं असलेली पानं एचरेफलँग या खुणेनं जोडलेली. फोटोची फाइल मात्र सगळीकडं एकच, त्याच पत्त्यावरची. ऑल्ट तेवढं मराठी पानावर मराठीत, कन्नड पानावर कन्नडमध्ये. एकच फोटो तीन वेगळ्या नावांनी तीनदा चढवला तर गूगलला तो तीनदा आणावा लागतो आणि तुमचीही जागा जाते. कन्नड मजकूर मी यंत्राकडून करून घेत नाही, कन्नड घरातल्या मैत्रिणीकडून लिहून घेते. चपलेच्या भागांना तिकडं त्यांचे शब्द आहेत आणि गिऱ्हाईक तेच टाइप करतं. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही नावं पत्त्यात आणि दुकानाच्या माहितीत सहज येऊ द्या, तेवढं पुरतं.

फाइलचं नाव

दुकानदार फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. त्यात दोन गोष्टी होतात. फोटो दाबून लहान होतो, आणि नाव व्हॉट्सअॅप इमेज अमुक तारीख असं होऊन येतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

नाव वेबसाइटवर चढवायच्या आधी बदलायचं. आधी वस्तू, मग तिचा प्रकार, मग फोटोत काय दिसतं ते. "कोल्हापुरी-चप्पल-कापशी-वेणी-जवळून" अशा धर्तीचं, पण रोमन अक्षरांत, सगळी लहान लिपी, शब्दांमध्ये आडवी छोटी रेघ. खालची रेघ नको, गूगल शब्द तोडायला आडवी रेघच घ्या म्हणतं. देवनागरी नाव चालत नाही असं नाही, चालतं. पण पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की त्याची टक्क्यांच्या खुणांनी भरलेली लांबलचक ओळ होते. नावात फार जीव ओतू नका. त्याचा उपयोग थोडाच आहे.

वजन कमी करताना वेणीकडं बघा

इथं मात्र वेळ द्या. साध्या फोनचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा असतो, तीन-चार एमबी सहज भरतो. असे दहा फोटो एका पानावर म्हणजे तीस-चाळीस एमबी. बेळगावात टिळकवाडीला वायफायवर ते पान उघडतं, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. तेच पान जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं, चोर्ला घाटाच्या रस्त्यावर उघडून बघा. गिऱ्हाईक पांढरा पडदा बघून परत जातं. गूगलच्या मापानं पानावरचा मुख्य भाग, बहुतेक वेळा सगळ्यात मोठा फोटो, अडीच सेकंदांच्या आत दिसला तर वेग चांगला. या मापाला एलसीपी म्हणतात.

आधी लांबी-रुंदी. फोनच्या पडद्यावर फोटो साधारण 400 रुंदीच्या जागेत बसतो. पडदे दाट असतात म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. 1200 पिक्सेल रुंदी बहुतेक दुकानांना भरपूर होते. गूगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे फोनवर गूगल आपणहून दाखवतं त्या बातम्या-लेखांच्या यादीत, मोठा फोटो दिसावा असं वाटत असेल तर तिथंही किमान 1200 रुंदीच लागते.

मग फाइलचा प्रकार. मी वेबपी वापरते. गूगलनं तो 2010 मध्ये आणला, आणि त्यांच्याच तुलनेत तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा तो 25 ते 34 टक्के हलका भरतो. एव्हिफ हा दुसरा प्रकार त्याहून हलका होऊ शकतो, 2024 पासून गूगल शोधातही चालतो. आयफोनचा एचईआयसी मात्र तसाच चढवू नका, बहुतेक ब्राउझर तो दाखवतच नाहीत. लोगो आणि साध्या आकृत्यांना एसव्हीजी उत्तम.

आता प्रत्यक्ष काम. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, आणि फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. फोटो टाकला की मधे एक उभी रेघ येते: डावीकडं मूळ, उजवीकडं दाबलेला. मामांच्या कापशीचा फोटो मी त्यात टाकला, रुंदी 1200 केली, वेबपी निवडलं आणि दर्जाचा काटा 75 वर ठेवला. मग रेघ सरकवत वेणीवर आणली आणि शंभर टक्क्यांना बघितलं. वादीचा एकेक पेड मोकळा दिसत होता, कडेची टोच दिसत होती. काटा 50 वर आणला. फाइल आणखी हलकी झाली, पण वेणीचे पेड एकमेकांत मिसळले आणि कानाच्या चामड्यावरचे बारीक रवे पुसले गेले. वेणी एकसंध पट्टीसारखी, यंत्रानं छापल्यासारखी दिसायला लागली. हाताच्या कामाचे पैसे ज्या जागी आहेत तीच जागा गेली. मी 75 वरच थांबले. साध्या पार्श्वभूमीचा फोटो याच काट्यावर शंभर-दीडशे केबीत बसतो. चामड्याचा, जरीचा, विणीचा जवळचा फोटो जास्त घेतो, त्याला घेऊ द्या. काटा किती ठेवायचा हे आकड्यावरून ठरवू नका. गिऱ्हाईक वस्तूच्या ज्या भागावर बोट ठेवून बघेल तो भाग मोठा करून बघा आणि ठरवा. साडीचा पदर असेल तर जर बघा, करदंट असेल तर सुक्या मेव्याचे तुकडे.

रंगाबद्दल एक गोष्ट. काही फोन जास्त विस्ताराच्या रंगात फोटो काढतात आणि दुसऱ्या पडद्यावर तो वेगळा दिसतो. साठवताना एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडद्यांना सामाईक असलेला रंगसंच, निवडा. साडीवाल्यांनी हे विसरूच नये. मोरपंखी म्हणून मागवलेली साडी हिरवी आली की ती परत येते.

फोटो काढतानाच

पडवीतल्या सावलीत, दिवसाउजेडी, साध्या पार्श्वभूमीवर. फ्लॅश नको. एक पूर्ण वस्तू, एक बाजूनं, एक खालून, एक अगदी जवळून. आजकाल लोक रस्त्यात कुणाच्या पायातली चप्पल बघतात आणि गूगल लेन्सनं फोटोवरूनच शोधतात, तिथं स्वच्छ आणि वेगवेगळ्या बाजूंचे फोटो कामाला येतात. होलसेलवाल्यानं दिलेले कॅटलॉगचे फोटो लावू नका. तोच फोटो आणखी वीस साइटवर असेल तर तुमचाच दाखवायचं गूगलला कारण काय?

फोटोवर भाव, फोन नंबर, "दिवाळी ऑफर" असं लिहू नका. ते शब्द पानावर शब्द म्हणूनच असू द्या. तिथून ते गूगलला वाचता येतात, भाव बदलला की बदलताही येतात. फोटो चोरीला जातील या भीतीनं मधोमध मोठा शिक्का मारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, कोपऱ्यात लहान नाव टाका. वेणी झाकून तुम्ही चोराचं कमी आणि गिऱ्हाइकाचं जास्त नुकसान करता.

फोनच्या फोटोत तो कुठं काढला ती जागाही लपून असते. फोटोत जागा भरून देतो, त्यानं क्रमांक वर जातो, असं सांगून पैसे घेणारे गावात फिरतात. गूगलच्या फोटोंविषयीच्या सूचनांत असं काही कुठंही सांगितलेलं नाही. उलट कारागीर घरात काम करतात, म्हणजे घराचा ठावठिकाणा उघडा पडतो. फोटो हलका करताना ही माहिती काढून टाका. दुकान नकाशावर दिसायला गूगल बिझनेस प्रोफाइल आहे. तिथं जेपीजी किंवा पीएनजी, 10 केबी ते 5 एमबी, शक्यतो 720 गुणिले 720 चे फोटो घाला.

पानावर बसवताना

प्रत्येक फोटोच्या कोडमध्ये रुंदी आणि उंची लिहा. ती नसली तर फोटो येईपर्यंत जागा राखली जात नाही, मजकूर उडी मारतो, आणि बोट "विकत घ्या" सोडून भलतीकडं पडतं. गूगल ही उडीसुद्धा मोजतं. सीएलएस नावाचं हे माप 0.1 च्या आत असावं.

खालचे फोटो लोक तिथं पोचल्यावरच उतरावेत, त्याला लेझी लोडिंग म्हणतात. वर्डप्रेस 2020 पासून, 5.5 या आवृत्तीपासून, हे आपोआप करतं. पण सगळ्यात वरच्या मुख्य फोटोला ते लावू नका. तो तर आधी यायला हवा, त्याला उलट फेचप्रायॉरिटी हाय, म्हणजे हा आधी आण अशी कोडमधली खूण, द्या. वेगवेगळ्या पडद्यांना वेगवेगळ्या मापाची फाइल देणारा सोर्ससेट वर्डप्रेस 2015 पासून स्वतःच लावतं. हातानं साइट करत असाल तर तुम्हाला लिहावा लागेल.

आणि एक सापळा, जो मला या भागातल्या साइटवर वारंवार सापडतो. मुखपृष्ठावरचे सुंदर फोटो सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये, पार्श्वभूमी म्हणून लावलेले असतात. माणसाला ते दिसतात. गूगल मात्र सीएसएसमधले फोटो शोधासाठी नोंदवतच नाही. एका साडीच्या दुकानाची साइट माझ्याकडं दुरुस्तीला आली, तिचे सगळे चांगले फोटो असेच अडकले होते. मालकांनी त्याचे पैसे मोजले होते आणि गूगलच्या दृष्टीनं त्या साइटवर साड्यांचे फोटोच नव्हते. फोटो नेहमीच्या इमेज टॅगमध्येच हवा. रोबोट्स फाइलमध्ये (गूगलनं साइटवर कुठं जायचं नाही ते सांगणारी फाइल) फोटोंचा फोल्डर अडवलेला नाही ना, हेही बघून घ्या.

विकायच्या वस्तूच्या पानावर प्रॉडक्टचा स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे गूगलला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातली माहिती, घाला: नाव, फोटो, भाव, शिल्लक आहे का. वर्डप्रेसवर दुकान चालवायचं वूकॉमर्स तो बराचसा स्वतः भरतं. त्यामुळं शोधातल्या फोटोबरोबर भाव दिसू शकतो. साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, फोटोंचे पत्तेही घालता येतात, एका पानामागं 1000 पर्यंत. स्लायडरमध्ये दडलेले फोटो गूगलला सापडायला त्याची मदत होते.

बघत राहा

पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा, डेस्कटॉपचा नव्हे. साइट गूगल शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडा आणि शोधाचा प्रकार इमेज निवडा. कुठल्या शब्दांवर तुमचे फोटो दिसले आणि किती जणांनी टिचकी मारली ते तिथं मिळतं. ती शब्दांची यादी घेऊन परत मालकाजवळ बसा. तुम्ही "कापशी" लिहिलंय आणि लोक "कान असलेली चप्पल" शोधतायत असं दिसलं तर मजकुरात तेही येऊ द्या.

बदल लगेच दिसत नाहीत. फोटोंच्या फेऱ्याला गूगल पानांपेक्षा सावकाश येतं, महिना-दोन महिने धीर धरा. आणि जुन्या फोटोंना आधीच टिचक्या मिळत असतील तर नाव सुधारायच्या नादात त्यांचे पत्ते बदलू नका. त्यांचं ऑल्ट आणि शेजारचा मजकूर सुधारा. पत्ता बदलणं भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट लावा आणि तो किमान वर्षभर ठेवा.